जैतापूर : आधी पायाखालचा खडक पाहू या

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणरायाला निरोप देऊन निद्राधीन झालेली किल्लारी आणि परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. मदतीसाठी धावलेल्या कार्यकर्त्यांना ती दगडमातीची घरे आणि त्याखालचा आक्रोश आजही विसरता आलेला नाही. परंतु त्या भूकंपाने शिकविलेला एक धडा मात्र आपण विसरत चाललो आहोत. त्या पहाटेपर्यंत हा भाग देशाच्या भूकंपप्रवणता नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडत होता. धोका काळ्या पाषाणाखाली दडलेला होता आणि त्याचा पत्ता गावे गाडली गेल्यावर लागला.

या धड्याची आठवण आज करावयाची ती राजापूर तालुक्यातील माडबनच्या सड्यासाठी. जैतापूर प्रकल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जागी १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅटचे केंद्र नियोजित आहे. २०१० मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, भूसंपादन झाले, २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एका ग्रामस्थाचा बळीही गेला. पण अणुभट्टीचे बांधकाम अजून सुरू झालेले नाही. हा अवधी वाया गेला असे अनेकांना वाटते. प्रस्तुत लेखकाला तो संधीचा काळ वाटतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. देशाला अणुऊर्जा हवी आहे. २०४७ पर्यंत शंभर गिगावॅट अणुवीज निर्मितीचे उद्दिष्ट देशाने स्वीकारले आहे. आपल्या शास्त्रज्ञांची कामगिरीही अभिमानास्पद आहे. २००१ च्या भूज भूकंपात काक्रापारचे केंद्र सुरक्षित राहिले. २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमची अणुभट्टी सुखरूप बंद करण्यात आली. तेव्हा प्रत्येक अणुप्रकल्पाला विरोध हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्या पंक्तीला बसण्याचे कारण नाही. मात्र जागेविषयी शंका विचारणारा प्रत्येक जण विकासविरोधी, अशी समजूत करून घेणे हेही तितकेच घातक आहे.

प्रश्न नेमका काय आहे? भूकंपाचे हादरे सोसेल अशी इमारत अभियंते बांधू शकतात. पोलाद आणि काँक्रीट यांचे गणित त्यांना ठाऊक आहे. परंतु इमारतीच्या पायाखालीच प्रस्तरभंग असेल आणि त्याच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या, तर पायाच दुभंगतो. त्यावर भरवशाचा अभियांत्रिकी उतारा नाही. म्हणूनच आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या स्थाननिश्चितीच्या निकषांनी अशा सक्रिय प्रस्तरभंगापासून किमान पाच किलोमीटर अंतराची अट घातली. अट रास्त आहे. पण प्रस्तरभंग सापडला तरच ती लागू होणार! कोकणात जांभ्याच्या थराखाली बेसाल्ट आणि त्याखाली प्राचीन खडक. शेजारी समुद्र, त्याच्या तळाची पाहणी आणखी कठीण.

माडबनपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोयना आहे. दख्खनचे पठार अचल आहे, हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथेच कोसळला. २०११ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात रॉजर बिल्हम आणि राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे माजी संचालक विनोदकुमार गौर यांनी जैतापूरविषयी निबंध लिहिला. तेथे सहा रिश्टरहून मोठ्या भूकंपाची शक्यता अल्प आहे, तथापि ती नाकारता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याचा प्रतिवादही झाला. शास्त्रात असेच व्हावयास हवे. निकाल मात्र प्रतिष्ठेने लागत नाही, विवर खोदून आणि चर खणून हाती आलेल्या पुराव्याने लागतो.

जपानचे उदाहरण बोलके आहे. १६ जुलै २००७ रोजी काशिवाझाकी-कारिवा या जगातील सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्राला भूकंपाचा धक्का बसला. भट्ट्या बंद झाल्या, परंतु जमिनीचे हादरे आराखड्यात गृहीत धरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक निघाले. किनाऱ्याजवळील समुद्रतळाचे प्रस्तरभंग आधीच्या पाहणीत कमी लेखले गेले होते. त्सुरुगा येथे तर केंद्र आधी उभे राहिले आणि खालच्या खडकाचा वाद नंतर पेटला. कंपनीने सादर केलेल्या विवरांच्या नोंदींतील मजकूर बदलल्याचे २०२० मध्ये उघडकीस आले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये, भट्टीखाली सक्रिय प्रस्तरभंग असण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून नियामकाने दुसऱ्या भट्टीला परवानगी नाकारली. चालू शकणारी भट्टी पायाखालच्या खडकामुळे निकामी ठरली. जपानसारख्या शिस्तप्रिय राष्ट्रात हे घडले, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

म्हणून मागणी साधी आहे. जैतापूरच्या जागेचे भूशास्त्रीय अहवाल, विवरांच्या मूळ नोंदींसह, प्रसिद्ध व्हावेत. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाची नव्याने पाहणी व्हावी. प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेशी संबंध नसलेल्या भूशास्त्रज्ञांनी त्यांची छाननी करावी आणि निष्कर्ष मराठीत गावकऱ्यांसमोर ठेवावेत. या कामासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. कोयना परिसरात भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी तीन किलोमीटर खोल विवर घेणारे शास्त्रज्ञ आपलेच आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या अणुऊर्जा कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे. खासगी भांडवलालाही या क्षेत्राची दारे उघडत असताना त्या दर्जाची पहिली कसोटी जैतापूरला लागावी.

पाहणीत खडक निर्दोष ठरला, तर गावकऱ्यांच्या शंका फिटतील आणि केंद्राची पायाभरणी विश्वासावर होईल. दोष आढळला, तर काही वर्षांचा विलंब आणि काही कोटींचा खर्च एवढेच नुकसान. किल्लारीत आपल्याला ही निवड करण्याची संधी मिळाली नव्हती. माडबनच्या सड्यावर ती अजून आपल्या हाती आहे.