वेट अँड वॉच

"काढून टाका ना एकदाचं! वाट कसली बघताय?" पुण्याहून दादा फोनवर ओरडत होता. आणि खरं सांगू? मलाही शंभर टक्के तसंच वाटत होतं.

बाबा ६६ वर्षांचे. मुलुंड ईस्टला राहतो आम्ही. रुटीन चेकअपमध्ये त्यांचा पीएसए जरा जास्त आला. मग एमआरआय, मग बायोप्सी. रिपोर्टवर 'ग्लीसन ३+३=६'. आई देवासमोर, मी गूगलसमोर. बाबा मात्र चहा पीत बसलेले.

यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "घाई नाही. लक्ष ठेवू." म्हणजे काय, बॉस? कॅन्सर आहे आणि लक्ष ठेवू?

त्यांनी शांतपणे समजावलं. ग्लीसन ६ म्हणजे सगळ्यात खालचा ग्रेड, अगदी हळू वाढणारा. दर सहा महिन्यांनी पीएसए, मधूनमधून एमआरआय, वर्षभराने पुन्हा बायोप्सी. काही बदललं तर लगेच ट्रीटमेंट. ग्रेड वरचा असता तर सगळा हिशेबच वेगळा झाला असता. आणि तपासण्यांना दांडी मारणाऱ्या माणसाला ते हा मार्ग सुचवतही नाहीत.

घरी येऊन मी आकडे शोधले (सवय!). ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते : नुसतं लक्ष, सर्जरी, रेडिएशन. पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले तिन्ही गटांत साधारण दोन ते तीन टक्के. फारसा फरकच नाही! मी खूश. मग पुढचं वाचलं. लक्ष ठेवलेल्या गटात ९.४ टक्के लोकांचा कॅन्सर शरीरात पसरला, सर्जरीवाल्यांत ४.७ टक्के. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी साठेक टक्क्यांना कधी ना कधी ट्रीटमेंट घ्यावीच लागली. अर्थात त्यातले सगळेच काही ग्लीसन ६ वाले नव्हते.

हे सगळं मी बाबांना वाचून दाखवलं. सर्जरीनंतर बऱ्याच वर्षांनीही दर चारपाच जणांत एकाला लघवी गळते म्हणून पॅड लागतो, हेही सांगितलं. दुसऱ्या साइड इफेक्टचं मुलीने बापाला कसं सांगायचं? तो परिच्छेद मी नुसताच पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"पॅड लावून कट्ट्यावर बसू मी?" ते म्हणाले. "लागेल तेव्हा कापा. आत्ता कशाला?"

"आणि पसरला तर?"

"म्हणून तर तपासायचं ना."

आई दोन दिवस बोलली नाही. माझी झोप उडाली ती अजून पुरती आलेली नाही. दर सहा महिन्यांनी रिपोर्ट येईपर्यंत घरात टीव्हीचा आवाजसुद्धा कमी असतो. बाबा मात्र रात्री मस्त घोरतात. कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी त्यांनी लाल पेनाने 'पीएसए' लिहून ठेवलंय.

दादाचा फोन दर रविवारी येतो. "अजून नाही काढलं?"