जीपचे दात

आमच्या ओळखीत ज्याच्याकडे म्हणून जुनी जीप आहे, त्याची ती दुसऱ्या महायुद्धात लढून आलेली आहे. एवढ्या जीपा खरंच लढल्या असत्या तर हिटलर दोन वर्षं आधीच आटोपला असता!

परवा एका गृहस्थांनी पुरावा म्हणून कागद पुढे केला. साल 1944. अहो, कागद तपासण्यात माझी बँकेतली वीस वर्षं गेली. कागदाचं कौतुक मला सांगू नका. बैल घेताना दाखला बघतात की दात?

जीपचेही दात मोजावेत. अगदी सुरुवातीच्या सोडल्या, तर लढाईतल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ खाचा. 1945 पासूनच्या नागरी सीजे-2एला सात. पुढची काच तिला दोन तुकड्यांची, 1949 च्या सीजे-3एला अखंड. 1953 साली सीजे-3बीत उंच हरिकेन इंजिन आलं, ते मावेना म्हणून बॉनेट उचलावं लागलं.

गृहस्थांच्या जीपचे दात सात, बॉनेट टम्म! म्हणजे लढाई संपल्यावर निदान आठ वर्षांनी झालेलं बाळ, आणि बहुधा मुंबईचंच. महिंद्रा तिथे 1947 पासून विलीजच्या जीपा जोडत होते. अमेरिकेत 1968 साली बंद झालेली ही उंच बॉनेटची जात आपल्याकडे पुढेही कित्येक वर्षं निघत राहिली.

तिने खेडोपाडी डॉक्टर नेले, मामलेदार नेले, वऱ्हाडं नेली. हे काय कमी झालं, म्हणून तिला नॉर्मंडीला धाडायचं? गाडीचा मान वाढवायला तिचे आईबाप कशाला बदलता?