संध्याकाळचा ताप आणि काळा कडबा

मी पिकांचा माणूस. रोग म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे तांबेरा आणि काणी येते. तेव्हा माणसाच्या छातीविषयी मी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण एक आजार थेट आपल्या कडब्याच्या गंजीतून घरात येतो, म्हणून आज लेखणी उचलली.

गेल्या आषाढात दिवेलागणीला एका वस्तीवर गेलो होतो. घरधनी, त्यांना आपण अण्णा म्हणू, घोंगडी पांघरून पडलेले. वहिनी म्हणाल्या, "हिवताप हो साहेब. पाऊस लागला की येतोच. हुडहुडी भरते, अंग मोडून येते, कोरडा खोकला नि धाप. दीड-दोन दिवसांत आपोआप उतरतो." रक्त दोनदा तपासले होते, हिवतापाचे जंतू सापडले नव्हते. गोळ्या मात्र गिळून झाल्या होत्या.

मी गोठ्याकडे गेलो. फाल्गुनातल्या अवकाळीत भिजलेला कडबा तसाच रचलेला. आतल्या पेंढ्या काळ्या पडलेल्या, कुबट वास, आणि पेंढी झटकली की पांढरा धुरळा. परत येऊन विचारले, "अण्णा, आज पेंढ्या कोणी काढल्या?"

"मीच. सकाळी."

"आणि मागच्या खेपेला ताप आला त्या दिवशी?"

अण्णा वहिनींकडे पाहू लागले. "त्या दिवशीही यांनीच गंजी फोडली होती," त्या हळूच म्हणाल्या.

ओला चारा दाबून रचला की आतून तापतो. त्या उष्णतेत काही सूक्ष्म जंतू आणि बुरशी जोमाने वाढतात. त्यांचे कण इतके बारीक की नाकातल्या केसांना न जुमानता फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोहोचतात. काही माणसांचे शरीर त्यांच्याशी भांडण काढते आणि फुप्फुसाला सूज येते. हा त्रास धूळ अंगावर घेतल्यापासून चार ते आठ तासांनी सुरू होतो. सकाळची गंजी आणि संध्याकाळचा ताप यांची सांगड कोणी घालतच नाही. डॉक्टरी भाषेत याचे नावच मुळी 'शेतकऱ्याचे फुप्फुस' आहे. साखर कारखान्याच्या आवारात कुजलेल्या बगॅसच्या धुळीनेही असाच आजार होतो.

दोन दिवसांत उतरतो म्हणून दुर्लक्ष केले तर वर्षानुवर्षांच्या सुजेने फुप्फुसावर व्रण धरतात, आणि ते मग भरून येत नाहीत. अण्णांना जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवले. "डॉक्टरांना तापाआधी कडब्याचे सांगा," असे बजावून पाठवले, कारण विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. फोटो काढला, फुंकून घ्यायची चाचणी झाली. आता गंजीला थोरला मुलगा हात लावतो. अण्णांचा ताप थांबला. चढावर मात्र ते अजून दोनदा थांबतात.

आता माझ्या खात्यातले. कडब्याचे ताट वाकवल्यावर काडकन मोडले पाहिजे, नुसते लवले तर रचू नका. वाळल्या चाऱ्यात ओलावा शेकडा 15 च्या आसपास हवा. गंजी दगडांवर वा लाकडांवर उचलून रचा, वर ताडपत्री घाला. काळा कडबा जनावरालाही घालू नये, तो कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पण हलवण्याआधी पाणी मारा आणि वारा पाठीशी घेऊन उघड्यावर काम करा. तोंडाला बांधलेला पंचा जाड धूळ अडवतो, हे बारीक कण नाही. करोनाच्या वेळी ज्याचे नाव घरोघर झाले तो एन-95 मुखपट्टा चांगला, तोही नाकाशी घट्ट बसला तरच. आणि ज्याला एकदा हा त्रास झाला त्याने मुखपट्ट्यावर भिस्त न ठेवता दूरच राहावे.

प्रत्येक धाप कडब्याची नसते. बिडीला कधी हात न लावलेल्या बायामाणसांना चुलीच्या धुराने जुनाट खोकला आणि दम लागतो. गॅसची टाकी घरात असूनही अंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, हे मी रोज पाहतो. आणि उताणे निजले की धाप लागते, झोप लागून तास-दोन तास होतात न होतात तोच घुसमटून उठून बसावे लागते, पावलावर बोट दाबले की खड्डा राहतो, अशी धाप बहुधा हृदयाची. तिथे दम्याचा पंप ओढत बसू नये. छातीत दाब येऊन घाम सुटला तर 108 ला फोन करावा, उजाडण्याची वाट पाहू नये.

शेवटी घोरण्याविषयी. माझे थोरले बंधू घोरत, आणि आम्ही सारे घर हसत असू. घोरता घोरता एकदम शांत होत, पुन्हा हुंदका दिल्यासारखा श्वास घेत. घसा मिटून श्वास असा दहा-दहा सेकंद किंवा अधिक अडतो, रात्रभर झोप मोडते, रक्तदाब चढतो आणि दिवसा माणूस पेंगतो, हे मला शिकलेल्याला ठाऊक नव्हते. एका दुपारी ट्रॅक्टरवरच त्यांचा डोळा लागला नि ट्रॅक्टर ओढ्यात गेला. हातावर निभावले. झोपेची तपासणी झाल्यावर नाकाला लावून हवेचा दाब देणारे यंत्र मिळाले. पहिले आठ दिवस त्यांनी ते काढून फेकले. आता वहिनी म्हणतात, घर इतके शांत झाले की त्यांनाच मध्यरात्री जाग येते, आणि श्वास चालू आहे ना ते त्या वाकून पाहतात.