काशीदला जाताना चौलला उतरा!

पाऊस सरला की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘चला रे, अलिबाग!’ मांडव्याची बोट, पुढे काशीदचा बीच, संध्याकाळी परत. वाटेत चौल-रेवदंडा लागतं. तिथे आपण थांबलोच तर शहाळं प्यायला.

पण मित्रांनो, माड-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं हे गाव एकेकाळी कोकणातलं नावाजलेलं बंदर होतं. अरब त्याला सैमूर म्हणत. दहाव्या शतकात अल मसुदी इथे येऊन गेला. रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९च्या सुमारास विकायला घोडा घेऊन इथेच उतरला, वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी! पुढे पोर्तुगीज आले, तट-चर्च उभी राहिली आणि १७४० मध्ये रेवदंडा-कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आलं.

आज रेवदंड्यात तटाच्या आत वस्ती आहे. पडक्या चर्चच्या भिंती, सातखणी मनोरा उभा आहे, आणि त्यावर खडूने, रंगाने बदाम काढून लिहिलेली नावं. ही नावं लिहिणारे कोण? आपल्याच वयाचे.

कुंडलिकेचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला सगळे चढतात, पायथ्याच्या गावात मात्र कुणी रेंगाळत नाही. पोर्तुगीज निघून गेले तरी तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीज-मराठीच्या सहवासातून घडलेली आपली बोली घरात जपली. तिला ते ‘नोलिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. जवळपास पावणेतीनशे वर्षं ती फक्त बोलण्यावर टिकली. आता शाळा मराठीत, नोकरी मुंबईत. ही बोली पुढे चालणार की नाही, हे तिथल्या आपल्या वयाच्या पोरापोरींच्या हातात आहे. आपल्या मालवणी, अहिराणीचं तरी वेगळं काय चाललंय?

म्हणून या वेळी दोन तास काढाच. रामेश्वराची पुष्करणी बघा, तटावरून फिरा, भिंतीला हात लावा, पण नाव लिहू नका. कोर्लईत कुणा आजीच्या तोंडासमोर मोबाइल धरून ‘बोला ना तुमच्या भाषेत’ असं म्हणू नका. आधी ओट्यावर बसा, चार गोष्टी मराठीत बोला. त्यांना वाटलं तर त्याच ऐकवतील.

बीच काय, कुठे पळून जात नाही. भाषा जाते.