मागणे म्हणजे भीक नव्हे



बारावीनंतरच्या प्रवेशाची धावपळ आणि भाताची लावणी ही दोन्ही कामे आपल्या मावळात एकाच वेळी अंगावर येतात. शिरगावसारख्या पवनाकाठच्या गावात घरची सगळी माणसे खाचरात उतरलेली असतात, आणि अर्जाची मुदत नेमकी त्याच आठवड्यात संपत असते. धडधाकट मुलगा एकटा तळेगावला जाऊन आपले कागद देऊन येतो. पण ज्या घरात डोळ्यांनी न दिसणारी मुलगी किंवा कुबड्यांवर चालणारा मुलगा बारावी झाला आहे, तेथे म्हटले जाते, "लावणी उरकू दे, मग बघू." लावणी उरकते, मुदतही उरकते. पुढच्या वर्षी कोणी विषय काढत नाही. अशा रीतीने पुष्कळ मुलांचे शिक्षण कोणी मुद्दाम न थांबवताच थांबते.

शिरगाव काही आडवळणाचे गाव नाही. सोमाटणे फाटा जवळ, जुना पुणे-मुंबई रस्ता जवळ. तळेगावात कॉलेज आहे, लोणावळ्याची लोकल आहे, पुण्याचे विद्यापीठ गाठता येते. तेव्हा अडचण अंतराची नाही. ती आपल्या मनातल्या दोन विचारांची आहे. पहिला विचार, "शिकून तरी हा काय करणार?" दुसरा विचार, "कोणापुढे हात कशाला पसरायचा?" पहिल्या विचाराला शिकलेल्या मुलांनीच उत्तर दिले आहे, ते पुढे सांगतो. दुसरा विचार मानी माणसाचा आहे, पण मुलाचे अधिक नुकसान तोच करतो.

याचे कारण असे की शाळा आणि कॉलेज यांत मोठा फरक आहे. शाळेत गुरुजी मुलाला घरापासून ओळखतात. बोर्डाच्या परीक्षेची सवलत हवी असली तर मुख्याध्यापकच अर्ज पुढे पाठवतात. कॉलेजात शेकडो मुले एकाच दिवशी नवी आलेली असतात. प्राध्यापकाला फळ्यासमोर साठ चेहरे दिसतात. त्यातल्या कोणाला कमी ऐकू येते, हे त्याला कसे कळावे? बोर्डाने दिलेली सवलत विद्यापीठात आपोआप लागू होईल असे धरून चालू नका. तेथे नव्याने, लेखी आणि वेळेवर मागावे लागते. जो मागत नाही, त्याला गरज नाही असेच कार्यालय धरून चालते.

आता मागायचे ते कशाच्या जोरावर? दयेच्या नव्हे, कायद्याच्या. १९९५ साली अपंगांसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. त्या जागी २०१६ सालचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला व एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. आंधळेपणा, बहिरेपणा, हातापायाचे अपंगत्व हे तर आहेतच, पण वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, थॅलेसीमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हेही आहेत. आपल्या मुलाचा त्रास यात बसतो, हे कित्येक पालकांना ठाऊकच नसते. ज्यांचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक आहे, त्यांच्यासाठी सरकारी व सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत निदान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयात पाच वर्षांची सूट आहे. ज्याला लिहिण्याची अडचण आहे, त्याला लेखनिक घेता येतो व परीक्षेत ताशी निदान २० मिनिटे जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास अधिक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये असेही सांगितले की, ज्याला खरोखर लिहिता येत नाही त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे एवढ्याच कारणाने त्याला लेखनिक नाकारता येणार नाही.

ऑक्टोबर २०२४ चा एक निकाल तर आपल्या महाराष्ट्रातल्याच विद्यार्थ्याचा आहे. त्याला बोलण्याची अडचण होती, दाखल्यावर ४५ टक्के लिहिले होते, आणि एवढ्यावरून त्याला डॉक्टरीच्या शिक्षणाला अपात्र ठरवले होते. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नुसता टक्का पाहून मुलाला बाहेर काढता येणार नाही. तो हे शिक्षण प्रत्यक्ष पुरे करू शकेल की नाही, हे मंडळाने पाहिले पाहिजे. मुलगा गप्प बसला असता तर त्याची जागा गेलीच असती, आणि त्याच्या मागून येणाऱ्यांची वाटही बंद राहिली असती.

आता पहिल्या विचाराचे उत्तर. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या अंधशाळेत शिकून त्या पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेल्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाच्या साह्याने त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर रेल्वेच्या सेवेत त्यांना दृष्टीच्या कारणावरून घेतले नाही. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, २०१७ साली १२४ वा क्रमांक मिळवला आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी झाल्या. सगळीच मुले कलेक्टर होणार नाहीत, धडधाकट तरी कोठे होतात? पण शिकून काय करणार, हा प्रश्न तेवढा आता विचारू नये.

पुण्यात मीरा बडवे यांनी १९९६ साली निवांत अंध मुक्त विकासालय सुरू केले, ते याच वळणावरची गरज पाहून. अंधशाळेचे शिक्षण संपले की वसतिगृहही सुटते. अठरा वर्षांचा मुलगा हातात गुणपत्रिका घेऊन रस्त्यावर उभा राहतो. कॉलेजात प्रवेश मिळाला तरी पुस्तके ब्रेलमध्ये नसतात. अशा मुलांना पदवीपर्यंत नेण्याचे काम तेथे झाले. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूल हुशार असते, पण शाळेतून कॉलेजात जातानाच्या पहिल्या काही महिन्यांत आधार नसला तर ते गळते. वाफ्यातून उपटलेल्या रोपाला खाचरात मूळ धरेपर्यंत पाणी लागतेच की.

परदेशातही हे असेच घडले. अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाच्या मुलाला चौदाव्या वर्षी पोलिओ झाला व मानेखालचे अंग निकामी झाले. वाहन चालवण्याचा व कसरतीचा तास झाला नाही म्हणून शाळा त्याला दाखला देईना. त्याची आई अधिकाऱ्यांशी भांडली आणि तिने दाखला मिळवला. १९६२ साली तो बर्कलीच्या विद्यापीठात गेला. त्याचे श्वासाचे अवजड यंत्र मावेल अशी वसतिगृहात सोय नव्हती, म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळात राहायला जागा दिली. त्याच्या मागून आणखी तशी मुले आली, आणि पुढे तेथे अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली. १९७५ साली तोच एड कॅलिफोर्निया राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला.

आता आपण काय करावे, ते क्रमाने पाहू.

प्रमाणपत्र आधी काढा. मूल अकरावीत असतानाच स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून दिव्यांग प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. आपल्या बाजूच्या लोकांना पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय किंवा ससून येथे तपासणीला जावे लागते. एका फेरीत काम होईलच असे नाही, म्हणून भाताच्या हंगामावर हे टाकू नका. आधार, दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र यांवर नाव एकसारखे आहे ना, ते पाहा.

प्रवेशाच्या अर्जात दिव्यांग असल्याची नोंद न विसरता करा. लाजेने ती जागा मोकळी सोडली तर राखीव जागा जाते, आणि पुढे सवलत मागताना तुमच्याकडेच बोट दाखवले जाते.

प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेज मुलासह पाहून या. वर्ग कोणत्या मजल्यावर भरतो, उतार आहे की नुसत्या पायऱ्या, मुलीला वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, फाट्यापासून कसे जायचे, हे स्वतः पाहावे. एसटीच्या भाड्यात सवलत आहे, रेल्वेतही काही प्रकारच्या अपंगत्वाला आहे. त्यांचे कागद आधी करून घ्यावेत.

पहिल्या आठवड्यातच प्राचार्यांच्या नावे एक अर्ज द्या व पोच घ्या. अर्जात दया मागू नका, काम लिहा. "माझा वर्ग तळमजल्यावर भरवावा." "मला पुढच्या बाकावर बसवावे व शिक्षकांनी माझ्याकडे तोंड करून बोलावे." "टिपणे मोबाईलवर द्यावीत, म्हणजे मला ती ऐकता येतील." "परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळावा." लेखनिकाचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून त्या परीक्षेचे ताजे परिपत्रक मागून घ्यावे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर असतात, त्यांची मुदत कॉलेजात विचारावी. एवढे करूनही कोणी दाद दिली नाही तर दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. तेथे तक्रार करता येते.

आणि एक गोष्ट आईबापांना कळकळीने सांगायची आहे. कार्यालयाच्या खिडकीशी तुम्ही मागे उभे राहा, बोलू मुलाला द्या. तो अडखळेल, वेळ लागेल, कारकून तुमच्याकडे पाहून विचारील. तरी उत्तर मुलानेच द्यावे. तीन वर्षे रोज तुम्ही त्याच्या मागे जाणार नाही. स्वतःची गरज चार वाक्यांत सांगता येणे हा त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे, आणि नोकरीच्या दारात तोच उपयोगी पडेल.

ज्यांना हे मागणे अजून कमीपणाचे वाटते, त्यांनी आपल्या शेताकडे पाहावे. लावणीला आपण सावडीसाठी शेजाऱ्याला हाक मारतो. आज तो आपल्या खाचरात, उद्या आपण त्याच्या. त्यात कोणी भीक मागितली असे वाटत नाही, कारण ती वहिवाट आहे. शिकलेले मूलही उद्या चार माणसांच्या उपयोगी पडणारच आहे.

तेव्हा यंदा तुमच्या आळीत असे एखादे लेकरू बारावी झाले असेल, तर त्याच्या बापाला सांगा, "दादा, तू पोराला घेऊन औंधला जाऊन ये. तुझ्या खाचरातली आजची लावणी आम्ही करतो."