कासवाला त्याची जागा द्या!

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव भागातल्या सगळ्यांना हात जोडून विनंती. तुमच्या घरात कासव असेल, तर हे आज वाचा. तुमच्याकडे नसेल पण शेजारी, भावकीत किंवा एखाद्या दुकानात पाहिलं असेल, तरीही वाचा.

कासव ओरडत नाही. उपाशी असो, आजारी असो, त्याचा आवाज निघत नाही. टीव्हीशेजारच्या काचेच्या पेटीत ते महिनोन् महिने झिजत राहतं आणि घरच्यांना वाटतं, बरं चाललंय. पाठ मऊ पडते, कवच वेडंवाकडं होतं, डोळे सुजतात. एक दिवस मुलगी शाळेतून येते, तेव्हा ते हलत नाही.

हे तुम्ही टाळू शकता. नवी पेटी आणायला निघण्याआधी एक काम करा. तुमचं कासव नीट बघा. पाठ घुमटासारखी उंच आणि त्यावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते तारा कासव. पाठ गुळगुळीत, चामड्यासारखी असेल आणि मागचे पाय झडपांखाली लपत असतील, तर ते आपल्याच नदी-ओढ्यातलं. अंग हिरवं आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते अमेरिकेतून आलेलं.

पहिली दोन कासवं घरात ठेवणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा. त्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ही दोन्ही कासवं आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहेत. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं, आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. मुलाच्या हौसेपायी घरातला कमावता माणूस तुरुंगात जाऊ नये. 'वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं' असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. अशा थापांना भुलून लोकांनी जमीन-दागिने घालवले आहेत.

म्हणून फोन उचला. वनविभागाची मदतवाहिनी १९२६. नाहीतर जवळच्या वन कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात जा. रस्त्यात, शेतात असं कासव हाती लागलं, तर अठ्ठेचाळीस तासांत कळवा, असं कायदाच सांगतो. लपवू नका. वनविभागाची माणसं येईपर्यंत तारा कासवाला मोठ्या खोक्यात, सावलीत ठेवा. खाली कागद अंथरा, उथळ ताटलीत पाणी ठेवा. नदीतल्या कासवाला झाकणाच्या टोपलीत ओल्या कापडावर ठेवा.

आणि कृपा करून ते विहिरीत सोडू नका. देवळाच्या कुंडात सोडू नका. तारा कासव जमिनीवरचं आहे, त्याला पोहता येत नाही. तुम्ही पुण्य म्हणून सोडाल आणि ते बुडून मरेल. आपल्या माळावरही सोडू नका. त्याचं घर गुजरात-राजस्थानच्या आणि आंध्र-तमिळनाडूच्या कोरड्या रानात आहे. तिथं कसं पोचवायचं, हे वनविभागावर सोपवा.

आता लाल पट्ट्याचं कासव. दुकानातून आणताना ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडंच मोठं असतं. मोठं झालं की परातीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. त्याला फूटभर पेटीत कोंडणं म्हणजे मरण लांबवणं. शिवाय काचेआडचं ऊन त्याच्या हाडांना पोचत नाही आणि हिंगोलीच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेली बंद पेटी काही मिनिटांत तापते.

त्याला ऐसपैस जागा द्या. त्यासाठी फार पैसा लागत नाही. तळमजल्याच्या पडवीत किंवा ओसरीत चार फूट लांब, तीन फूट रुंद चौकट विटांनी दुहेरी रचा. उंची दीड-दोन फूट. आत शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा उरलेला तुकडा अंथरा आणि कडा विटांखाली दाबा. फूटभर पाणी भरलं की साडेतीनशे लिटरच्या आसपास जागा झाली. वजनही तेवढेच किलो, म्हणून माडीवर मांडू नका. विटा नसतील, तर भंगारातली फुटकी पाण्याची टाकी आडवी कापून घ्या. जनावरांचा जुना सिमेंटचा हौदही चालतो.

एका बाजूला विटांवर शहाबादी फरशीचा तुकडा तिरका टेकवा. कासव त्यावर चढून पूर्ण कोरडं झालं पाहिजे. फरशीवर सकाळचं थेट ऊन येऊ द्या, बाकी अर्ध्या भागावर सावली ठेवा. वरून जाळी बांधा, मांजर आणि मुंगूस टपलेलेच असतात. पाणी गढुळलं की बदला. ते झाडांना घाला, कोथिंबिरीच्या वाफ्यात नको.

कारण धोका तुमच्या लेकरांनाही आहे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलांना त्यातून ताप, जुलाब होतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली. मुलांना कासवाचा मुका घेऊ देऊ नका. हात लावला की साबणाने हात धुवा. कासवाची भांडी मोरीत, स्वयंपाकाच्या भांड्यांसोबत घासू नका.

कंटाळा आला म्हणून हे कासव कयाधूत टाकू नका. इसापूर, सिद्धेश्वर धरणात टाकू नका. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. ते आपल्या कासवांचं अन्न खातं, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतं. सांभाळणं जमत नसेल, तर तेही १९२६ वर सांगा.

तुम्ही दुष्काळात चिमण्यांसाठी पाणी ठेवणारी माणसं आहात. म्हणून सांगतो, नवं कासव विकत घेऊ नका, कुणाला भेट देऊ नका. घरात देशी कासव असेल, तर आज फोन करा. लाल पट्ट्याचं असेल, तर येत्या रविवारी हौद बांधा. आणि ही माहिती आज संध्याकाळच्या आत आणखी दोन घरांत पोचवा.