काट्यावर पगारी माणूसच हवा



रस्ता रोखायला कोणी भाड्याने माणसे आणली तर त्याला आपण आंदोलन म्हणत नाही. पण कापूस-ज्वारीची खरेदी हे आंदोलन नव्हे, तो व्यापार आहे. तो छातीवरच्या बिल्ल्याच्या जोरावर चालवायला गेलो की फसतो. आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत हेच चालले आहे.

हंगामच पाहा. दिवाळीनंतर खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागते, तेव्हाच कार्यकर्त्याच्या वावरात बोंडे फुटलेली असतात, वेचायला बाया मिळत नाहीत. तो दोन दिवस काट्यावर येतो, तिसऱ्या दिवशी वावरात जातो. त्याचा काय दोष? कोरडवाहू पाच एकरवाल्याचे वर्ष त्याच दिवसांवर उभे असते. मग काट्यावर उरतो तो घरी सालदार असलेला मोठा शेतकरी, नाहीतर मानधनावरचा एखादा पोरगा. मानधन हा मोठा लबाड शब्द. मजुरी बुडवायची असली की तो काढतात. घामाचे दाम मागणाऱ्यांनी तरी तो वापरू नये.

कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय दर कापते, १२ च्या वर घेतच नाही. तो मोजणारा शिकलेला हवा आणि चुकला तर जाब देणारा हवा. फुकट राबणाऱ्याला जाब विचारला की तो म्हणतो, "मी काय तुमचा पगार खातो?" आणि त्याचे खरेच असते.

२००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली. तीत पूर्णवेळ मुख्य अधिकारी सक्तीचा आहे, तोही सभासदांबाहेरचा. संचालक ५ ते १५. आता एक संचालक म्हणतो माझी गाडी आधी घे, दुसरा म्हणतो बँकेत जा, तिसरा त्याला चहा आणायला पाठवतो. पगार एक आणि मालक पंधरा! असा माणूस टिकेल कसा? संचालकांनी काय सांगायचे ते बैठकीत ठराव करून सांगावे, काट्याजवळ उभे राहून नव्हे.

पगाराला पैसा कुठला? २०२० च्या केंद्रीय योजनेत कंपनीला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत ठेवली, पगार त्यातच. चौथ्या वर्षी काय, हे कोणी विचारत नाही. पहिल्या हंगामापासून क्विंटलमागे ठराविक रक्कम पगारासाठी कापावी आणि ती आमसभेत ठरवावी. सरकारी पैशावरचा नोकर सरकारकडेच पाहणार.

कार्यकर्त्याला काम उरत नाही असे नाही. चैत्र-वैशाखात भागभांडवल गोळा करणे, बियाण्याची नोंदणी, गावात हिशेब वाचून दाखवणे, हे पगारी माणसाला जमणार नाही. काट्यावर नजर ठेवणेही कार्यकर्त्याचेच. त्याचे एसटीचे भाडे आणि जेवण पावतीवर द्या, नाहीतर मोटारसायकलवालेच कार्यकर्ते उरतील. बचत गटाच्या बायांकडून धान्य निवडून घेता, त्याची रोजी मात्र रोखीने द्या. ते काही समाजकार्य नव्हे.

या बैठकीत प्रत्येक कंपनीने एवढेच सांगावे: गेल्या हंगामात काट्यावर कोण होते, किती दिवस होते, आणि त्याला काय दिले?